चाराने भागलेला डोंगर

"आता फक्त दहा मिनिटं!" रत्नाकररावांनी काठी उंचावून आरोळी ठोकली, आणि मागून चढणाऱ्या सोळा जणांनी मनातल्या मनात चाळीस मिनिटं धरली.

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या या मंडळींचा हा जुना हिशोब. सगळे सरकारी कारखान्यातले इंजिनिअर. चुकीचं माप दाखवणारा काटा ही माणसं फेकून देत नाहीत, तो किती चुकतो ते काढून ठेवतात. रत्नाकररावांचा काटा चौपट चुकत होता. त्यांनी चार बिबटे पाहिले म्हटलं, की एक धरायचा, आणि तोही मांजर असेल अशी सोय ठेवायची. वेळेला तेवढं चाराने गुणायचं. आज ते सगळ्यांना ज्या सहा हजार फुटी डोंगरावर नेत होते, त्याला त्यांनी रंग सांगितले होते सात.

"सात भागिले चार, पावणेदोन," पायथ्याशी भीमाचार्य म्हणाले होते. तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. "एक हिरवा आणि पाऊण मातीचा. तेवढे मला इथूनच दिसतायत. तुम्ही व्हा पुढं, मी डबे राखतो." आणि ते बसच्या सावलीत सतरंजी पसरून आडवे झाले.

चढ असा, की मागच्याचं नाक पुढच्याच्या टाचेला लागावं. वारा असा, की सुचेताबाईंनी पुढे मारलेली हाक वळून त्यांच्याच कानात शिरली आणि त्यांनीच "ओ" दिली. विश्वेश्वरने वाटेतल्या प्रत्येक दगडाला मिठी मारून फोटो काढून घेतले आणि छत्तीसचा रोल अर्ध्या वाटेतच संपवला. रत्नाकरराव सगळ्यांच्या पुढे, छाती काढून.

"याच खडकावर बसून मी एकाहत्तर साली भाकरी खाल्ली!"

खडक मागे पडला, आणि रत्नाकररावांचा आवाजही मागेच राहिला. कारण भाकरी खरी होती, पण त्यापुढचं काहीच खरं नव्हतं. एकाहत्तर साली त्या खडकावर त्यांना अकरा जळवा लागल्या (ते चव्वेचाळीस सांगत), आणि ते उलट्या पावली पळाले होते. माथ्यावरचे फुलांचे रंग त्यांनी पाहिले नव्हते. एका म्हाताऱ्या गुराख्याने सांगितलेलं ऐकून ते गेली पंचवीस वर्षं त्यात दरवर्षी थोडी थोडी भर घालत आले होते.

शेवटचं वळण चढून ते माथ्यावर पोचले. माथ्यावर धुकं होतं. स्वतःचे बूट दिसू नयेत इतकं.

"वा!" मागून विश्वेश्वर म्हणाला. "पांढरा. एक झाला. उरलेले सहा कुठे ठेवलेत, रत्नाकरराव?"

हशा पिकला. रत्नाकररावही हसले, पण वरवर. लोकांचं त्यांना काही वाटत नव्हतं, लोक भागाकार करून मोकळे होतील. पण कल्पनाताईंनी लग्नापासून त्यांच्या एकाही गोष्टीला भागलं नव्हतं, आणि आज त्या दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून हा डोंगर चढल्या होत्या.

ते बायकोजवळ जाऊन बसले.

"कल्पना, एक सांगायचंय. मी इथवर कधी आलोच नव्हतो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. सात रंगांची फुलं बघून आलेला माणूस बायकोला एक तरी आणतो."

रत्नाकररावांनी काठी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "मग आज एवढी चढून का आलीस?"

"तुम्ही तोंडावर पडाल तेव्हा उचलायला कोण होतं दुसरं?" त्या गुडघा चोळत म्हणाल्या. "आता चहा काढा. थर्मास तुमच्याच पाठीवर आहे."

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच वारा फिरला. धुकं कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसं एका बाजूने सरकत गेलं, आणि डोंगर उघडा पडला.

उतारावर कारवी फुलली होती. सात-सात वर्षं मुकाट राहणारी ती झुडपं नेमकी याच साली बहरली होती. पायापासून दरीपर्यंत आणि दरीतून पलीकडच्या डोंगरापर्यंत निळं, जांभळं, आणि त्या दोघांच्या मधलं काहीतरी. त्यातून सोनकीचे पिवळे पट्टे, तेरड्याची गुलाबी शिंपडण, तांबडीलाल पाऊलवाट. मधमाश्यांचा असा घुमारा, की डोंगरच गुणगुणतोय. विश्वेश्वर मोजायला लागला, नवापर्यंत गेला, चुकला, पुन्हा एकपासून लागला, आणि मग बोट खाली करून नुसता उभा राहिला.

कल्पनाताई हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

रत्नाकरराव काही बोलले नाहीत. उतरतानाही नाहीत. त्या खडकापाशीसुद्धा नाहीत.

पायथ्याशी भीमाचार्य उठून बसले. "काय रत्नाकरराव, किती निघाले? अठ्ठावीस? स्वल्प कमीच सांगा, मी पेन्शनर आहे, इतका भागाकार झेपत नाही."

सगळे रत्नाकररावांच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"तुम्ही वर जाऊन बघून या," ते म्हणाले.

भीमाचार्यांचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांत हा माणूस कुणालाही "जाऊन बघून या" म्हणाला नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा रत्नाकररावांकडे निरखून पाहिलं, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या बांधू लागले.

"अहो, दुपारचे दोन वाजलेत!" सुचेताबाई ओरडल्या. "आचार्य, तुमचं वय काय! बस चारला निघणार!"

भीमाचार्य पहिल्या वळणावर पोचलेसुद्धा होते.

"मंजण्णा," कल्पनाताई ड्रायव्हरला हाक मारत म्हणाल्या, "बस थोडी उशिरा काढाल का?"

उत्तर आलं नाही. बसला कुलूप होतं, आणि मंजण्णा लुंगी दुमडून आचार्यांच्या मागोमाग चढत होता.