उजवीकडे जरा जड

सायकल भिंतीला टेकवायचीही उसंत न घेता पोरगी हँगरकडे धावली. पण दार सताड उघडं होतं आणि आत विमान नव्हतं. डॉक्टर उडाले होते.

मामाचे डोळे अधू झाल्यापासून विमानं दुरुस्त करायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि डॉक्टरांच्या विमानाची वार्षिक तपासणी ही तिची पहिलीच. काल तिला उजव्या पंखाच्या मागच्या हलत्या झडपेवरची पट्टी वाकलेली दिसली. बोटभर लांब पत्रा तो, पण खाली वाकला की झडप वर उचलली जाते आणि अख्खं विमान उजवीकडे झुकतं. हा नखभर वाकला होता. तिनं पक्कड लावून तो सरळ केला, कागदावर सही ठोकली आणि आज सकाळी चहा पिताना मामाला फुशारकीनं सांगितलं.

मामाचा कप ओठापाशीच थांबला.

"बये, डॉक्टरांची बायको तू दुसऱ्यांदा मारलीस."

मग मामानं सगळं सांगितलं. डॉक्टर दातांचे. जन्मभर गावाच्या दाढा उपटून त्यांनी हे चार खुर्च्यांचं जुनं विमान घेतलेलं. शेजारी उजवीकडे कायम काकू. काकू अंगानं भरलेल्या, त्यामुळे विमान त्यांच्या बाजूला कलायचं. डॉक्टर म्हणायचे, जरा अलीकडे सरता का? काकू हसत वीतभर सरायच्या, खांद्याला खांदा लागायचा आणि विमान सरळ व्हायचं. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर डॉक्टर पहिल्यांदा एकटे उडाले तेव्हा विमान सुतासारखं सरळ गेलं. उतरल्यावर ते तासभर आतच बसून राहिले. बाहेर आले ते विमान विकून टाक म्हणत.

मामानं गुपचूप पट्टी वाकवली आणि म्हणाला, शेवटचं एकदा उडवून बघा. डॉक्टर वर गेले आणि उतरले ते नवरदेवासारखा चेहरा घेऊन. विकायचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि आता ती पट्टी सरळ होती.

पोरगी धावपट्टीच्या कडेला नखं खात उभी राहिली. लांबवर ठिपका दिसला, मोठा झाला, चाकं टेकली. डॉक्टर उतरले, विमानाला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांनी उजवं दार उघडलं. क्षणभर थांबून ते अदबीनं लावलं.

"छान झालीय तुझी तपासणी," ते म्हणाले. "उजवीकडे जरा जड आहे, पण ते नेहमीचंच."

"शक्यच नाही, काका," ती बोलून गेली, आणि मग तिला थांबता येईना. पट्टी, पक्कड, मामाची सहा वर्षांची लबाडी, सगळं तिनं ओकून टाकलं. आपण काय केलं हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

डॉक्टर शांतपणे रुमालानं चष्मा पुसत राहिले.

"अगं, उडायच्या आधी विमानाभोवती फिरून बघतो ना मी. ज्याला वाकडी पट्टी दिसत नाही त्यानं दात तरी कशाला उपटावेत? तुझा मामा वाकवायचा, मी उडण्याआधी सरळ करायचो. उतरलो की परत वाकवून ठेवायचो. त्याला वाईट वाटलं असतं. तू माझे कष्ट वाचवलेस बघ."

"मग विमान झुकतं कशानं? आणि त्या पहिल्या दिवशी का नाही झुकलं?"

"पहिल्या दिवशी मी एकटाच चढलो, पोरी. उजवं दार उघडलंच नाही. तिनं चढायचं कुठून?"

पोरीनं पट्टीवरून अंगठा फिरवला. सरळ. दोन्ही टाक्यांतलं इंधन मोजलं. सारखं. कागदावर सही तिची होती, तेव्हा तिलाही वर जाऊन बघणं भाग होतं. डॉक्टरांनी उजवं दार उघडलं तशी ती पाय टाकायला पुढे झाली.

"तिथं नको," डॉक्टर म्हणाले. "मागे बस."

वर वाऱ्याचा मागमूस नव्हता. डॉक्टरांनी सुकाणूवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. विमान क्षणभर तसंच राहिलं, आणि मग कुणीतरी ऐसपैस टेकून बसावं तसं सावकाश उजवीकडे कललं. पोरगी पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिली. मानेवर काटा उभा होता. तरी कालची ती सही काही तिला स्वस्थ बसू देईना.

तिनं घसा साफ केला.

"काकू, जरा अलीकडे सरता का?"

उजवा पंख हळूहळू वर आला, आणि डॉक्टरांनी कोपर आवरून जागा करून दिली.