बेदाण्याचे डोळे

सणाची बिस्किटं करायला नात आणि शेजारची दोन पिल्लं ओट्याशी जमली होती. सूनबाई ऑफिसातून आली आणि बाह्या सारून पिठात हात घालणार, तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "राहू दे गं, देवाचं आहे. उपास न धरणाऱ्याचा हात नको." ती बाह्या खाली करून बाहेर गेली.

मग मी मुलांना सणाचा अर्थ सांगितला. "आज देव सगळ्यांना माफ करतो, आपणही करायचं. ज्याचा राग आलाय त्याच्यासाठी एक बिस्कीट करा, ते त्याला द्या आणि राग सोडून द्या."

"मी दादाला देणार. माझी सायकल मोडली त्या माकडाने," शेजारची धाकटी म्हणाली. नात मात्र मान खाली घालून आपल्या बिस्किटाला बेदाण्याचे डोळे बसवत होती. सकाळीच तिने आईचा ओरडा खाल्ला होता, तेव्हा ते कुणासाठी हे मी मनात ओळखलं.

ओव्हनमधून निघालेलं गरम बिस्कीट बशीत घेऊन ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.



"आजी, हे तुझं. पण राग अजून जात नाहीये."