बारातले तीन

मोठ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार, एवढंच मालकांनी सांगितलं होतं. पुढचं लोकांनी आपापलं जोडलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्पीकरच्या त्या लहानशा कारखान्यात दोन तट पडले.

कागदी शंकूंना गोंद लावणारे काका खुशीत होते. ज्यांचे फोन आणि टीव्ही घरोघरी, त्यांनी आपल्याला विकत घेतलं तर जन्माची ददात मिटेल, असं ते सगळ्यांना पटवत होते. मोठ्या झाडाखाली सावली मिळते, म्हणत होते.

"सावलीत दुसरं काही उगवत नाही," कानसेन बाई म्हणाल्या आणि डबा बंद करून आपल्या खोलीत गेल्या.

त्यांची खोली सगळ्यात शेवटी होती. भिंतींना जाड स्पंज, मध्ये एक लाकडी खुर्ची. तयार झालेला प्रत्येक स्पीकर आधी यंत्रावरून जाई आणि हिरवा दिवा लागला की बाईंकडे येई. बाई डोळे मिटून ऐकत. यंत्राने पास केलेल्या शंभरांतला एखादा तरी त्या परत पाठवत, आणि उघडून पाहिला की आत तारेचं वेटोळं केसभर घासत असे. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. कानसेन हे नाव मालकांनीच ठेवलेलं. समोर मात्र ते त्यांना ताई म्हणत.

बाईंची धाकटी बहीण एका गाण्यांच्या कंपनीत होती. तीही याच मोठ्या कंपनीने विकत घेतली. आधी भाषणं झाली, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही म्हणून सांगितलं. आठ महिन्यांत गाणी तेवढी ठेवली आणि माणसं घरी बसवली. तेव्हापासून बहिणीच्या घरात गाणं लागत नव्हतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मालक बाईंच्या खोलीत आले. बरेच दिवस झोप नसल्यासारखे दिसत होते. म्हणाले, तिघं जण येतील, यंत्र असताना माणूस कशाला असं त्यांचं म्हणणं आहे. मी सांगितलंय, आधी आमच्या ताईंचा कान बघा, मग काय ते ठरवा.

बाईंनी सरळच विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाला आता कोण विचारतंय, ताई. तुम्ही फक्त नेहमीसारखं ऐका."

बाईंच्या जिवाला ते लागलं. चार वर्षांपूर्वी याच माणसाने गळकं छप्पर बदललं होतं, नवं यंत्र आणलं होतं. तेव्हा सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं होतं. आता वय झालं, हाताशी पोटचं कुणी नाही, आणि घेणारे दारात उभे. यांच्याने नाही म्हणवणार नाही, हे बाईंना दिसत होतं. मग दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पाहुणे सकाळी अकराला आले. मागच्या दाराने आत शिरले आणि कुणाला वाट न विचारता जिना चढून वर गेले. थोड्या वेळाने बाईंना बोलावणं आलं. मालक जिन्याच्या तोंडाशी थांबले होते. त्यांनी आपल्याच खोलीचं दार वाजवलं आणि आतून 'या' आल्यावरच उघडलं. या माणसाची भीड काही सुटायची नाही, असं बाईंच्या मनात आलं.

मालकांच्या खुर्चीत पन्नाशीच्या एक मॅडम बसल्या होत्या, बरोबरचे दोघं बाजूला उभे होते. बोलायला मऊ होत्या. त्यांनी बाईंची चौकशी केली आणि मग सगळे खाली शेवटच्या खोलीत आले. मॅडमनी बारा स्पीकर मांडायला लावले. बाराही यंत्राने पास केलेले, पण त्यांतल्या तीन स्पीकरांच्या आत मुद्दाम बारीक दोष ठेवलेला. ते तीन शोधायचे होते.

बाईंनी डोळे मिटले. पहिला स्वच्छ होता. दुसरा, तिसराही. चौथ्यात दाताखाली खडा यावा तशी खरखर आली. सातव्यात तीच, जरा खोल. अकराव्यात इतकी पुसट की बाईंना स्वतःचंच नवल वाटलं.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "दुसरा, पाचवा आणि नववा."

मॅडमनी हातातल्या कागदावर पाहिलं. पुन्हा ऐकायचं असेल तर ऐका, घाई नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. वय झालं, कान पूर्वीसारखा राहिला नाही, असं त्या म्हणाल्या. मालक जमिनीकडे बघत होते.

निघताना मॅडमनी बाईंचा हात हातात घेतला. "मला वाटलं होतं, तुम्हाला सापडतील," त्या म्हणाल्या.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मालक परत आले आणि बाईंच्या खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "कितवे होते?"

"चौथा, सातवा, अकरावा."

मालकांनी मान डोलावली, जणू त्यांना तेच ऐकायचं होतं आणि तेच ऐकायचं नव्हतं. बाईंनी मग काही हातचं राखलं नाही. बहिणीचं सांगितलं, रात्रभर काय ठरवलं ते सांगितलं. रागवा हवं तर, म्हणाल्या, पण ज्या कारखान्यात दोष धरणाराच बहिरा, तो कोण घेईल?

"आता ते आपल्याला विकत घेत नाहीत," त्या म्हणाल्या.

मालकांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"त्यांनी आपल्याला घेऊन चार वर्षं झाली, ताई. मला बोलायची बंदी होती. कारखाना ठेवायचा का बंद करायचा, एवढंच बघायला ते आज आले होते."