पटावरून नाव कमी

कार्यालयातून परत आलेल्या विज्ञानाच्या बाईंनी संगणकाच्या खोलीचं दार हळूच लावून घेतलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं की काम झालेलं नाही. चांगली बातमी आणणारा माणूस दार लावत बसत नाही.

"क्लार्क म्हणतात, एकदा दाखला दिला की नाव पटावरून कमी," बाई म्हणाल्या. "परत घालायचं तर मुख्याध्यापकांची सही हवी, आणि ते सोमवारी येणार."

स्पर्धा पटावरच्या मुलांसाठीच होती, आणि तिची मुदत आज पाचपर्यंत होती. चार वाजून गेले होते.

नाव कमी झालं होतं मिस्त्रीचं. मिस्त्री ही नववीतली मुलगी. वर्गातलं काहीही बिघडलं की तीच खटपट करून सुरू करायची, म्हणून हे नाव पडलेलं. तिचे बाबा पुलांच्या कामावर फोरमन. इथला पूल उभा राहिला, आता उद्या नव्या गावी जायचं. सही होऊन ठेवलेला दाखला उद्या सकाळीही नेता आला असता. पण ऐनवेळी धावपळ नको म्हणून बाबा तो कालच घेऊन मोकळे झाले होते. प्रत्येक काम एक दिवस आधी उरकणं हा त्यांच्या अभिमानाचा विषय. आता ते मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, हातातला दाखल्याचा लिफाफा उलटसुलट करत बसले होते. एवढा थोरला माणूस, पण बघवत नव्हतं त्यांच्याकडे.

"कुणाशी बोलायचं ते सांगा," ते म्हणाले. "मी लिहून देतो, चूक माझी आहे म्हणून."

"बाबा, बोलून झालंय सगळं," मिस्त्री म्हणाली.

तिघांनी मिळून लहान मुलांसाठी वेबसाइट बनवली होती, 'घास कुठे जातो?' नावाची. घासावर टिचकी मारली की तो "चला, निघालो" म्हणत अन्ननलिकेतून घसरत जायचा आणि वाटेत भेटेल त्या अवयवाची चौकशी करायचा. घासाचा आवाज रेडिओचा; या मुलाच्या तोंडाला कधी कुलूप नसे. चित्रं रंगारीची, ती वर्गात बसल्या बसल्या बाकसुद्धा रंगवायची. बाकी सगळं, म्हणजे तो घास मुळात हलायचा कशामुळे ते, मिस्त्रीचं. जिंकलेली वेबसाइट गावोगावच्या शाळांत दाखवणार होते. मिस्त्रीची ही सहावी शाळा होती. सातव्या शाळेत 'ही नवीन मुलगी' म्हणून फळ्यापाशी उभं राहण्याआधी आपलं नाव तिथे पोचलेलं असावं, एवढ्यासाठी ती चार महिने राबली होती. हे तिने फक्त रंगारीला सांगितलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत होतं.

"शेवटी आभार तरी मानूया तिचे," रंगारी म्हणाली.

बाईंनी नियमांचा कागद पुढे सरकवला. "शाळेबाहेरच्या कुणाचाही हात लागलेला नसावा, असं लिहिलंय. नियम मी नाही गं केलेले."

"मग नकोच पाठवायला." रेडिओ एवढंच बोलून थांबला, हे त्याच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

"चार महिने काय माशा मारल्या का आपण?" मिस्त्री म्हणाली. "सरक तिकडे."

नाव काढायला तिलाच बसावं लागणार होतं. रेडिओने मागे एकदा हौसेने हात घातला होता, तेव्हा जठर दोन दिवस गायब झालं होतं. तेव्हापासून कारभार तिच्या एकटीकडे.

तिने पहिल्या पानावरून नाव काढलं. मग शेवटच्या पानावरून. भराभर, शेंगा सोलाव्यात तसं. रंगारी तिच्या खुर्चीमागे उभी होती आणि रडू येतंय हे लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"घास पोचल्यावर शेवटी ढेकर ऐकू येतो, तो पण तुझ्याच आवाजातला आहे," ती म्हणाली. "तोही काढायचा?"

मिस्त्रीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमांच्या कागदाची घडी घातली.

"ढेकरावर कुणाचं नाव नसतं," त्या म्हणाल्या. "असू दे."

मग 'आम्ही' हे पान उघडलं. तिथे तिघांचे फोटो एका ओळीत होते, मधला मिस्त्रीचा. तिने तो काढला. डावीकडे रंगारी उरली, उजवीकडे रेडिओ, आणि मध्ये पांढरी जागा. कुणीतरी उठून गेलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पाचला वीस मिनिटं कमी होती. मिस्त्रीने रंगारीला जरा आत घेतलं, रेडिओला तेवढंच. मग दोघांना थोडं मोठं केलं. परत एकदा सरकवलं. तिला कसलंही काम अर्धवट सोडवत नसे, हेही सोडवलं नाही.

"बाबा, या जरा इकडे," ती म्हणाली. "मध्ये कुठे जागा सुटल्यासारखी वाटते का बघा."

बाबा उठून आले. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन तुकड्यांमधला सांधा तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चष्मा चढवला, वाकून या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट पाहिलं. एकदा बोट लावूनही पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "सफाईने केलंयस, बाळा. इथे आणखी कुणी होतं असं सांगितलं, तरी कुणाला पटायचं नाही."