सुपारीची इरली

वैशाखात शिरसीची भागीरथीअक्का अंगणात गवताची इरली विणत बसली, तेव्हा शेजारचे हेगडे कुंपणावरून हसले होते. "सुपारीच्या घडांना इरली? मग वहाणाही शिवा की, अक्का!" त्यांनी आपलं औषध फवारलं. पण पाऊस लागला तो दसरा आला तरी हटलाच नाही. औषध धुऊन गेलं, कोळेरोग आला आणि हेगड्यांच्या बागेत कुजक्या सुपाऱ्यांचा सडा पडला. आज भुरभुरत्या पावसात घड उतरवणारा पाडेली तिम्मा अक्काच्या पोफळीवर चढला. हेगडे छत्री धरून खाली उभेच होते. वरून इरलं पडलं, पाठोपाठ दोरावरून घड सरसरत उतरला. अक्काने तो छातीशी झेलला. एकही सुपारी काळी पडली नव्हती! "उतरव रे सगळे!" ती ओरडली. हेगडे इरलं उचलून त्याची गाठ चाचपू लागले. "उलटी गाठ आहे, भावजी," अक्का म्हणाली. "छत्री मिटा. दोन्ही हात लागतात."