खडपावरचं गाऱ्हाणं

"लवू, हलू नकोस. असाच बस," कॅमेऱ्यामागून कर्णिकसाहेब हळूच म्हणाले, आणि गुणाजीच्या पोटात दुखायला लागलं.

आठ दिवस हेच चाललं होतं. लवू इकडे, लवू तिकडे. होडी गुणाजीची, तांडेल गुणाजी. तोंडवलीहून एवढ्या आत समुद्रात पाखरांचा हा खडप, म्हणजे खडकाचं बेट, आहे, हे मुंबईच्या साहेबांना दाखवणाराही गुणाजीच. पलीकडे गोव्यात अजून फिरंगी होता, म्हणून वाटेत कस्टमची लाँच अडवायची. तिला समजावणाराही तोच. पण साहेबांच्या मनात भरला तो त्याचा धाकटा भाऊ. का, तर लवूला पोटावर सरपटत पाखरांच्या घोळक्यात जाता येतं आणि एकही पाखरू उठत नाही. सरपटायला काय अक्कल लागते! सापसुद्धा सरपटतो.

आज शेवटचा दिवस होता. चार दिवसांत होड्या वर ओढायच्या, मग पावसाळाभर समुद्र बंद. साहेबांकडे शेवटचा रोल, त्यातही दोनच फोटो उरलेले. त्यातला एक मासिकात छापून येणार होता, खाली नावासकट: पाखरांच्या मधोमध बसलेला तोंडवलीचा माणूस. गुणाजीनं सकाळी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. बायकोनं, हिरानं, विचारलंसुद्धा, "लग्नाक चललात काय?" आणि खडपावर उतरताच साहेबांनी सांगितलं, "गुणाजी, तुम्ही होडीजवळ थांबा."

आता लवू माथ्यावर मांडी घालून बसला होता, उघडाबंब. त्याच्याभोवती हातभर जागा सोडून हजारोंनी सुरय पाखरं. कुडाळच्या बाजारासारखा कलकलाट. घरटं नाही, काडी नाही. ठिपक्यांची अंडी नुसत्या दगडावर ठेवलेली. साहेब कॅमेऱ्याला डोळा लावून वाट बघत होते.

गुणाजीला एकदम आठवलं, आज गाऱ्हाणं घातलेलं नाही. खडपावर पाय ठेवला की तिथल्या राखणदाराला विडा ठेवून मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं, ही बापजाद्यांची रीत. साहेबांना शांतता हवी, म्हणून आठ दिवस तो ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत आला होता. गाऱ्हाण्याचा मान थोरल्याचा. तो मान लवूला कुठलाही साहेब देऊ शकत नव्हता.

होडी सोडून तो चार दगड वर चढला. टोपी सारखी केली. विडा ठेवला आणि छाती भरून ओरडला,

"बा राखणदारा म्हाराजाऽऽ!"

सगळा खडपच जणू उडाला. आभाळ पाखरांनी झाकलं.

"तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत म्हाराजा! ह्या सायबाक सांभाळ! तेच्या कॅमेऱ्याक सांभाळ! माझ्या होडयेक सांभाळ!"

लवूचं नाव त्यानं घेतलं नाही. विसरला नव्हता.

गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावाच लागतो, नाहीतर ते अर्धं राहतं. तिथं दुसरं होतं कोण? लवूनं बसल्या जागी हात जोडले, डोळे मिटले आणि दरवेळी ओरडला, "व्हय म्हाराजा!" आपलं नाव आलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असणारच. तरी शेवटचा होकार त्यानं सगळ्यात मोठ्यानं दिला.

कॅमेरा दोनदा वाजला. खट. खट.

"वा!" साहेब नाचायचेच बाकी होते. "वर हजारो पाखरं आणि खाली हात जोडून बसलेला लवू! असा फोटो जन्मात मिळाला नसता. गुणाजी, तुमच्यामुळे मिळाला!"

आपली जीभ कापून समुद्रात टाकावी, असं गुणाजीला वाटलं.

"सायब, ता मगे!" लवू ओरडला. "आधी पालथे पडा. दादा, तू पण. माणसां उभी दिसली तर पाखरां खाली येवची नाय, अंडी उन्हात शिजतली!"

तिघं होते तिथं पालथे पडले. गुणाजीनं तापलेल्या दगडाला गाल लावला. पाखरांच्या विष्ठेच्या वासानं डोळे चुरचुरत होते. एक जरी अंडं फुकट गेलं, तर राखणदार धरणार तो आपल्यालाच, हे त्याला कळत होतं. पाखरं बराच वेळ घिरट्या घालत राहिली. मग एकेक करून उतरली आणि पुन्हा बाजार भरला.

तेवढ्यात त्याच्या पाठीवर काहीतरी टेकलं. दोन बारीक पाय. धुतलेल्या सदऱ्यातून नखं लागली. ते चार पावलं चाललं, मानेपाशी आलं आणि अंग फुगवून खाली बसलं.

गुणाजीनं श्वास रोखला. मान वळवायची सोय नव्हती.

"सायब," तो दगडाशीच बोलला, "फोटू."

"रोल संपला हो, गुणाजी," साहेब कळवळून कुजबुजले.

संपला. दोन्ही फोटो लवूवर गेले. आणि इथं पाखरू आपल्या मानेपाशी बसलेलं, तर ते आपल्यालाच दिसत नाही. शेवटी त्यानं विचारलं, "लवू, कसा दिसता रे?"

दगडावर हनुवटी टेकून लवू टक लावून बघत होता. तो म्हणाला, "आठ दिस सरपटतंय मिया. पोट सोलून निघाला. माझ्यार एक बसाक नाय."

तो आवाज गुणाजीनं बरोबर ओळखला. आठ दिवस तो त्याच्या स्वतःच्याच पोटात होता.

हसलो तर पाखरू उडेल, म्हणून त्यानं दात घट्ट आवळून धरले.