विहिरीचा अर्ज

बारामतीच्या वेशीवरचं चार एकर रान प्लॉटवाल्यांना देऊन गेणबांनी सुप्याकडं बारा एकर घेतलं, तेव्हा त्यांच्याएवढा हुशार माणूस पंचक्रोशीत नव्हता; निदान ते स्वतः तरी तसंच सांगत फिरायचे. तिकडं पाच उन्हाळे टँकरची वाट बघून झाली, तेव्हा कुठं सरकार विहिरीला अनुदान देतं हे त्यांच्या कानावर आलं.

अर्ज आणायला ते एसटीनं बारामतीत उतरले, तर ऑफिस एका नव्या कॉलनीत हललेलं. सगळे बंगले एकाच साच्यातले. गेणबा दोनदा त्याच चौकात येऊन घामाघूम झाले.

ऑफिसातल्या ज्योत्स्नाबाईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. "प्या आबा. आमच्या आवारातल्या विहिरीचं हाय, मे महिन्यातबी आटत न्हाय. असली विहीर विकणारा कोण शहाणा होता, देव जाणे!"

पहिल्याच घोटाला गेणबांना चव ओळखू आली. मग खिडकीबाहेर त्यांनीच लावलेला उंबर दिसला.

"लई शहाणा व्हता, बाई," तांब्या खाली ठेवत ते म्हणाले. "आता विहिरीचा अर्ज मागायला आलाय."